दिव्यांगांच्या घरासाठी गाण्याचा कार्यक्रम करायचाय? मग आधी मेजरिंग टेप घ्या

माझा मावसभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, चोविसाव्या वर्षी आंबे काढताना झाडावरून पडला आणि मणक्याला मार बसून कमरेखालचं सगळं गेलं. हॉस्पिटल झालं, फिजिओ झाली, व्हीलचेअर आली आणि मग खरा प्रश्न समोर आला की आता राहायचं कुठे, कारण गावचं घर उंच जोत्यावर, पुढे अकरा पायऱ्या, संडास मागच्या अंगणात, आणि त्याला उचलणारे मावशी-काका साठीच्या पुढचे. लहान मुलांसाठी निदान शाळा आणि वसतिगृहं थोडीफार तरी आहेत, पण तिशी-चाळिशीतल्या माणसाला, ज्याला नोकरी करायचीय, मित्र बोलवायचेत, रात्री उशिरापर्यंत मॅच बघायचीय, त्याला स्वतःचं म्हणावं असं घर मिळणं फार अवघड आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदवले गेले, त्यात चालण्याफिरण्याची अडचण असलेले ५४ लाखांच्या वर, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या घरी हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आईवडील थकले की येतो.

अशा घरांसाठी पैसे उभे करायला आम्ही सांगलीत सहा-सात जणांनी मिळून आतापर्यंत गाण्याचे तीन कार्यक्रम केलेत. बरेच जण फोन करून विचारतात कसं केलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. लांब आहे, पण तुम्हाला खरंच करायचं असेल तर पूर्ण वाचा.

पैसे कशासाठी, हे आधी ठरवा

"दिव्यांगांच्या मदतीसाठी" असं मोघम लिहून कार्यक्रम करू नका, लोक पैसे देतात पण नंतर कुणालाच कळत नाही काय झालं ते. आधी वहीत एक ओळ लिहा, की तळमजल्यावरचं तीन खोल्यांचं भाड्याचं घर, त्यात चार जण राहणार, त्याचं डिपॉझिट, दारात रॅम्प, बाथरूमची दुरुस्ती, आधाराचे दांडे, इन्व्हर्टर. इन्व्हर्टर यासाठी की ज्यांना अल्फा बेड म्हणजे ती हवेची गादी लागते त्यांच्याकडे रात्री लाइट गेली की गादी हळूहळू बसते आणि मग अंगाखाली जखमा व्हायची भीती असते.

कार्यक्रम एकदाच होतो, तेव्हा पैसाही एकदाच येतो. त्यातून अटेंडंटचा दर महिन्याचा पगार द्यायचं वचन कुणाला देऊ नका, सहा महिन्यांनी पैसे संपतात आणि घरात राहायला आलेली माणसं अडचणीत येतात. एकदाच लागणारा खर्च कार्यक्रमातून करा, महिन्याचा खर्च राहणाऱ्यांची कमाई, पेन्शन आणि महिन्याला ठरावीक रक्कम देणारे देणगीदार यांतून बसवा. आम्ही तर आधी मासिक देणगीदार पक्के केले आणि मगच घर शोधायला निघालो.

घर भाड्याचं असेल तर घरमालकाकडून लेखी घ्या की बाथरूमचं दार काढून मोठं करायला आणि रॅम्प बांधायला त्यांची परवानगी आहे. आपल्याकडे करार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो, बाराव्या महिन्यात मालकाने घर मागितलं तर लोकांच्या तिकिटाच्या पैशातून बांधलेलं बाथरूम त्याचं आणि तुम्ही रस्त्यावर. निदान तीन-चार वर्षांची बोलणी करा, आणि महाराष्ट्रात भाड्याचा करार कितीही मुदतीचा असला तरी रजिस्टर करायचाच, त्याचा खर्च वाचवू नका.

अजून एक, दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ३७ प्रमाणे सरकारी घरकुल योजनांमध्ये दिव्यांगांना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यात महिलांना प्राधान्य आहे. कार्यक्रमाची तयारी चालू असताना तुमच्यातल्या एकाने फक्त हेच बघायचं, कोणाचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे, कोणाचा अर्ज भरता येईल. हॉलमध्ये सुद्धा याचं एक टेबल लावा, आमच्याकडे प्रेक्षकांमधलेच लोक आपल्या घरच्यांसाठी चौकशी करत होते.

कोणाच्या नावावर करायचा

पाच मित्रांनी मिळून स्वतःच्या गुगल पे वर पैसे घेऊन कार्यक्रम केला तर हेतू कितीही चांगला असला तरी ते चूक आहे. महाराष्ट्रात लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांचा विषय येतो, गणेश मंडळं वर्गणीसाठी सार्वजनिक विश्वस्त कायद्यातल्या ४१क ची परवानगी घेतात ना, तेच कलम. सगळ्यात सोपं म्हणजे आधीपासून रजिस्टर असलेली, याच कामातली संस्था शोधा आणि तिच्या खात्यावर, तिच्या पावती पुस्तकावर कार्यक्रम करा. आपल्याकडे या कामाची परंपरा आहे, कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू केली, स्वतः व्हीलचेअरवर बसून, आणि खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तुमच्या जिल्ह्यात छोटी का असेना एखादी संस्था सापडेलच. तिथे जा, एक दिवस बसा, हिशोब बघायला मागा, देतात का बघा.

पैशांबद्दल चार गोष्टी पाठ करून ठेवा. एक, क्यूआर कोड फक्त संस्थेच्या खात्याचा. दुसरी, तिकीट म्हणजे देणगी नाही, बदल्यात खुर्ची मिळते, त्यामुळे तिकिटाच्या पैशावर ८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकरातली, सूट सांगू नका, देणगीची पावती वेगळी फाडा, त्यावर पॅन घ्या, आणि २००० रुपयांच्या वर रोख देणगी दिली तर सूट मिळत नाही हे देणाऱ्याला आधीच सांगा, शिवाय नवीन कररचना घेतलेल्यांना ८०जी चा फायदा नाहीच. तिसरी, ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्याच्या वर जायचं असेल तर सीएशी बोलून मगच दर छापा. चौथी गोष्ट परदेशातल्या नातेवाइकांची. न्यू जर्सीचा चुलतभाऊ प्रेमाने म्हणतो मी डॉलर पाठवतो, पण त्याचा पासपोर्ट अमेरिकन झाला असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी ती परकीय देणगी ठरते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक रुपयासुद्धा घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेला, नोकरीसाठी दुबईत राहणारा माणूस मात्र देऊ शकतो. हे आधी विचारा, पैसे आल्यावर नाही.

हॉल बघायला जाताना टेप आणि व्हीलचेअरवाला माणूस सोबत

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथेच झाली.

पहिल्या कार्यक्रमाला आम्ही हॉल बुक केला तो भाडं आणि साउंड बघून. मॅनेजर म्हणाले रॅम्प आहे, आम्ही मान डोलावली. कार्यक्रमाच्या संध्याकाळी दादा आणि त्याचे सात मित्र आले तर रॅम्प म्हणजे चार पायऱ्यांवर टाकलेला सिमेंटचा घसरडा उतार, त्यावर चढताना खुर्ची मागे उलटायला आली. दोघांनी मागून धरून ढकललं. आत गेल्यावर कळलं टॉयलेटच्या दारातून खुर्ची जात नाही. दादा तीन तास बसला, पाणी प्यायला नाही. आणि शेवटी संस्थेला चेक द्यायचा म्हणून त्याला स्टेजवर बोलावलं, स्टेजला पायऱ्या, चार जणांनी खुर्चीसकट उचललं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "कपाट चढवतात तसं चढवलंत मला." मी त्या रात्री झोपले नाही.

म्हणून आता हॉल बघायला दादाच येतो, मी टेप धरते आणि तो आकडे सांगतो.

रॅम्पचा हिशोब सोपा आहे, एक फूट चढायला बारा फूट उतार पाहिजे. सहा इंचाची पायरी असेल तर सहा फूट लांब रॅम्प, दोन फुटाचं जोतं असेल तर चोवीस फूट, दोन्ही बाजूंना धरायला दांडा, मधे थांबायला सपाट जागा आणि पृष्ठभाग खरबरीत. दार उघडल्यावर मोकळी जागा ९० सेंटीमीटर तरी हवी, म्हणजे साधारण तीन फूट. खुर्ची जागच्या जागी वळवायला दीड मीटर बाय दीड मीटर. टॉयलेटमध्ये हे सगळं बसत नसेल आणि हॉल बदलता येत नसेल तर व्हीलचेअर जाईल असं पोर्टेबल टॉयलेट भाड्याने मिळतं का बघा, तेही नाही मिळालं तर जवळचं एखादं हॉटेल किंवा क्लिनिक त्या संध्याकाळपुरतं बोलून ठेवा आणि तिकडे नेणारी गाडी दारात उभी ठेवा. ज्यांना कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी रिकामी करायची असते त्यांना आडोसा आणि हात धुवायला पाणी लागतं, बाकी काही नाही, पण ते लागतंच.

आता स्टेज. बहुतेक नाट्यगृहांचा स्टेज साडेतीन फूट उंच असतो, म्हणजे ४२ फुटांचा रॅम्प, तो कुठेच बसत नाही. यावर दादानेच उपाय काढला, की आम्हाला वर नेण्यापेक्षा तुम्ही खाली या. दुसऱ्या कार्यक्रमापासून गाणं स्टेजवर आणि बाकी सगळं, म्हणजे दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगत, चेक देणं, स्टेजच्या खाली पहिल्या रांगेपुढच्या मोकळ्या जागेत होतं. पाहुणे पण खालीच उभे राहतात. लाइटवाल्याला आधी सांगा म्हणजे तो एक स्पॉट तिथे लावतो, माइकची वायर लांब घ्या किंवा कॉर्डलेस घ्या, आणि मागच्या रांगांना दिसावं म्हणून बाजूला एक स्क्रीन असेल तर उत्तम. आणि गाणाऱ्यांमध्येच कोणी व्हीलचेअरवर असेल तर सगळं गाणंच खाली घ्या, सतरंजीवर वादक बसवा, बैठकीचा फील येतो आणि लोकांना आवडतो.

बसायची जागा: रांगांच्या कडेच्या खुर्च्या काढून तिथे व्हीलचेअर उभी करायची, मधल्या वाटेत नाही, कारण आग लागली किंवा गडबड झाली तर वाट अडते. प्रत्येक व्हीलचेअरच्या शेजारी सोबत आलेल्याची खुर्ची. सगळ्या व्हीलचेअर एका कोपऱ्यात एकत्र कोंबू नका, लोक आपापल्या घरच्यांसोबत, मित्रांसोबत बसतात तसंच त्यांना बसायचं असतं. तिकीट तेच, दर तोच. फुकट पास द्यायचा तर संस्थेत राहणाऱ्यांना द्या, पण ज्याला विकत घ्यायचंय त्याला घेऊ द्या, दादाचा मित्र दर वेळी दोन तिकिटं विकत घेतो आणि आईला घेऊन येतो.

कार्यक्रम अडीच तासांच्या वर नेऊ नका. मणक्याची दुखापत झालेल्या माणसाला बऱ्याचदा खाली संवेदना नसते, एका जागी बसून बसून जखम झाली तरी कळत नाही, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने हातावर जोर देऊन अंग उचलावं लागतं. मध्यंतर वीस मिनिटांचं ठेवा, आणि मेकअपच्या एका खोलीत गादी घालून ठेवा, कुणाला दहा मिनिटं आडवं व्हायचं असेल तर. उन्हाळ्यात एसी बंद असलेला हॉल नकोच, मणक्याला वरच्या भागात मार लागलेल्यांना खाली घाम येत नाही आणि अंग तापत जातं.

तारीख आणि परवानग्या

चार महिने हातात ठेवा. ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन, सगळ्यांना सुचतो, पण त्या आठवड्यात सगळ्याच संस्थांचे कार्यक्रम असतात आणि पाहुणे मिळत नाहीत. फेब्रुवारी-मार्च परीक्षा, मे महिन्यात लोक गावाला, पावसात व्हीलचेअरवाल्यांना बाहेर पडणं त्रासाचं. आम्हाला नोव्हेंबर शेवट किंवा जानेवारीतला रविवार, संध्याकाळी साडेपाच, हे सगळ्यात जमलं.

उघड्या मैदानावर करणार असाल तर पोलिसांची स्पीकरची परवानगी आणि रात्री दहाला आवाज बंद, हे डोक्यात ठेवून कार्यक्रम आखा. बंद सभागृहात आतल्या आत आवाज असेल तर तो नियम तसाच लागत नाही, पण हॉलची सत्राची वेळ असतेच, उशीर झाला तर पुढच्या सत्राचं भाडं लावतात.

गाण्यांच्या हक्कांबद्दल बऱ्याच लोकांचा गैरसमज आहे की चॅरिटी आहे म्हणजे लायसन्स लागत नाही. कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळींना सूट आहे, पण ती प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या किंवा धार्मिक संस्थेसाठी केलेल्या कार्यक्रमाला. तिकीट लावून दिव्यांगांच्या घरासाठी करताय तर ती सूट धरून चालू नका. सिनेमाची, भावगीतांची गाणी वाद्यवृंदासोबत गाणार तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचं लायसन्स, ट्रॅकवर गाणार तर रेकॉर्डिंगचं लायसन्स त्याशिवाय वेगळं. संतांचे अभंग म्हणणार असाल तरी विचार करा, शब्द चारशे वर्षांपूर्वीचे असले तरी चाल एखाद्या आजच्या संगीतकाराची असू शकते, आणि संगीतकार गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतात. अर्ज करताना सांगा कार्यक्रम कशासाठी आहे, दरात काही होतं का विचारा, पण पैसे बजेटमध्ये धरूनच ठेवा.

कलाकार, आणि मानधनाचं

आमच्या शेजारी मिरज आहे, जिथे पिढ्यान्‌पिढ्या सतार-तानपुरे बनतात, त्यामुळे गाणारे-वाजवणारे मिळायला अडचण नाही. पण "समाजकार्य आहे, फुकट वाजवा" असं वादकांना म्हणू नका. तबलजी, कीबोर्डवाला, साउंडवाला यांचं घर याच्यावरच चालतं. मुख्य गायक स्वतःहून मानधन सोडत असेल तर त्यांचे आभार मानून घ्या, बाकीच्यांना ठरलेलं पाकीट मध्यंतरातच द्या.

निवेदकाला वेगळं बसून समजवा. बिचारे, दुर्दैवी, देवाची लेकरं हे शब्द नकोत. संहितेत हे शब्द असतील तर आधीच खोडा. घर का लागतं ते दादासारख्या कुणीतरी स्वतः पाच मिनिटांत सांगायचं, तेच पुरतं. आमच्याकडे एका ताईंनी फक्त एवढं सांगितलं की मला स्वतःच्या किल्लीने स्वतःचं दार उघडायचंय आणि रात्री अकराला चहा करून प्यायचाय, त्यानंतर मध्यंतरात देणगीच्या टेबलवर रांग लागली.

हिशोब जमवायचा कसा

समजा हॉल ८०० चा आहे. पास, पाहुणे, व्हीलचेअरसाठी काढलेल्या खुर्च्या वगळून ६०० तिकिटं खरोखर विकली, सरासरी ३०० रुपये, म्हणजे १ लाख ८० हजार. हॉल, साउंड, लाइट, मानधन, लायसन्स, छपाई, चहा-वडा धरून खर्च समजा १ लाख ६०. उरले वीस हजार, त्यात एक बाथरूम होत नाही. म्हणून आमचा नियम आहे, खर्च आधी सौजन्य म्हणजे प्रायोजक आणि स्मरणिकेच्या जाहिराती यांतून काढायचा, आणि तो निघाल्याशिवाय तिकीट विक्री सुरू करायची नाही. मग तिकिटाचा प्रत्येक रुपया घराला जातो आणि हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता.

स्मरणिका जुनी पद्धत वाटते पण अजून चालते. किराणावाला, मेडिकल, सराफ, डॉक्टर, क्लासवाले, पाव पानाची जाहिरात कुणीही देतं, फक्त पाच जणांनी तीन आठवडे रोज संध्याकाळी फिरायला पाहिजे. आणि मधल्या दोन पानांवर घराचा नकाशा छापा, रॅम्प कुठे, दार किती रुंद, आणि प्रत्येक गोष्टीसमोर तिची किंमत. "आधाराचे दांडे, दोन नग" असं वाचून लोक म्हणतात हे आमच्याकडून लिहा, "मदत करा" वाचून कोणी काही म्हणत नाही. देणगी पेटी ठेवलीत तर सोबत पावती पुस्तक घेऊन माणूस बसवा, निनावी पैसा एका मर्यादेच्या वर गेला की संस्थेला त्यावर टॅक्स बसतो.

तिकिटं मोजून द्या, नंबर लिहून द्या, आणि कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी न विकलेली परत घ्या. जवळच्याच मित्राकडे चाळीस तिकिटं अडकली आणि तो म्हणतो विकली पण पैसे यायचेत, असं होतं, आणि मग मैत्रीत कडवटपणा येतो.

त्या दिवशी आणि नंतर

दुपारी दोनला साउंड चेक, चारला दादा आणि अजून एक जण व्हीलचेअरवरून गेटपासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून टॉयलेटपर्यंत एकदा जाऊन येतात. वाटेत केबल आडवी टाकलेली असते, फुलवाल्याने रॅम्पवरच कुंड्या मांडलेल्या असतात, दर वेळी काहीतरी निघतंच. स्वयंसेवकांना एकच सांगायचं, विचारल्याशिवाय कुणाच्या खुर्चीला हात लावायचा नाही, "मदत हवीय का" विचारा आणि नको म्हटलं तर बाजूला व्हा.

पंधरा दिवसांच्या आत हिशोब. किती आले, किती खर्च, किती खात्यात, एका पानावर, संस्थेच्या सहीने, आणि ज्यांनी तिकीट घेतलं त्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर. काम पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा, यावेळी बाथरूमच्या फोटोसकट. बाथरूमचा फोटो टाका, राहणाऱ्या माणसांचे फोटो त्यांनी हो म्हटलं तरच.

आणि देणगीदार घर बघायला येणार म्हणतात, त्यांचंही बरोबर आहे, पण ते घर आहे. आधी फोन, एका वेळी चार जणांच्या वर नाही, आणि वेळ राहणारे ठरवतील ती. दादाच्या घराच्या दारावर त्याने स्वतः कागद चिकटवलाय, सहा ते सात फिजिओची वेळ आहे, तेव्हा बेल वाजवू नये.